गाडी ठणठणीत, पाटी कोरी

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या स्मॉग चेक स्टेशनवर दहा-बारा वर्षं वापरलेली होंडा किंवा टोयोटा उभी राहते. इंजिनाचा आवाज एकसारखा, डॅशबोर्डवर एकही पिवळा दिवा नाही, मागून धुराचा मागमूस नाही. तंत्रज्ञ स्टिअरिंगखाली वाकतो, तिथल्या सॉकेटमध्ये एक केबल खोचतो, इंजिन चालू ठेवतो. थोड्या वेळाने प्रिंटरमधून कागद बाहेर येतो आणि त्यावर निकाल असतो नापास. कारणाच्या रकान्यात कुठलाही बिघाड नोंदलेला नसतो. गाडीचे ‘रेडिनेस मॉनिटर’ पूर्ण झालेले नाहीत, एवढंच तिथे लिहिलेलं असतं.

सेकंडहँड गाडी नुकतीच घेतलेल्या माणसाला हा निकाल फार बोचतो. सॅन होजे, फ्रीमॉन्ट, सनीव्हेल या पट्ट्यात शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलं पहिली गाडी बहुधा जुनीच घेतात. हातात पैसे बेताचे, अमेरिकेतल्या गाड्यांच्या कायद्यांशी ओळख नवी. गाडी चालवून पाहिली, मेकॅनिकला दाखवली, सगळं ठीक निघालं. मग नोंदणी नावावर करायच्या वेळी हा कागद आडवा येतो. मेकॅनिककडे परत जावं तर तो म्हणतो, दुरुस्त करण्यासारखं काही नाही, गाडी चालवत राहा. हे उत्तर टोलवाटोलवीसारखं वाटतं, पण बहुतेक वेळा तेच खरं असतं. ते खरं का, हे समजायला ही तपासणी कुठून आली आणि ती नेमकं काय तपासते, हे पाहावं लागतं.

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजलिस शहरावर इतका दाट धुरकट थर उतरला की लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले आणि काहींना तर जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय अशी शंका आली. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे ती भीती अगदीच अनाठायी नव्हती. नंतरची काही वर्षं कारखान्यांवर खापर फोडण्यात गेली. खरं कारण हाती लागलं ते कॅलटेकमधल्या एका डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञामुळे. आरी हागेन-स्मिट यांचा मूळ विषय होता अननसाचा स्वाद कोणत्या रेणूंमुळे येतो हा. हवेतले अत्यल्प घटक पकडायची जी हातोटी त्यांनी अननसावर कमावली, तीच त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकमेकांशी भिडतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. लॉस एंजलिसला ऊन भरपूर आणि गाड्याही भरपूर. १९६७ साली राज्याचं ‘कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड’, म्हणजे कार्ब, स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट होते.

कारखान्यातून नवी गाडी स्वच्छ बाहेर पडावी असे कायदे झाले, पण गाडी रस्त्यावर आल्यानंतरच्या वीस वर्षांचं काय? म्हणून १९८४ पासून कॅलिफोर्नियात नियमित स्मॉग चेक सुरू झाला. सुरुवातीला पद्धत सरळ होती. सायलेन्सरच्या नळीत एक नळकांडं घालायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि बाहेर पडणारे वायू मोजायचे. पुढे गाडी रोलरवर चढवून ताशी १५ आणि २५ मैल वेगाने चालवून मोजमाप होऊ लागलं. १९७६ ते १९९९ च्या पेट्रोल गाड्यांची तपासणी तिथे आजही नळीतूनच होते.

या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. नळीत नळकांडं घातल्यावर कळतं ते त्या पाच-दहा मिनिटांचं. पहाटे गार इंजिन सुरू करताना काय घडलं, महामार्गावर काय घडतं, टाकीतून पेट्रोलची वाफ झिरपते का, यातलं काहीच त्या मोजमापात येत नाही. थंड इंजिनाची पहिली एक-दोन मिनिटं तर सर्वांत घाण असतात, कारण तोवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेलाच नसतो. म्हणून मग विचार पुढे आला की वर्षभर गाडीसोबत असणारा, तिची प्रत्येक हालचाल टिपणारा जो कॉम्प्युटर गाडीतच बसलेला आहे, त्यालाच ही तपासणी सोपवावी.

कार्बने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांमध्ये प्राथमिक स्वरूपाची स्व-तपासणी सक्तीची केली. पण प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी, कोड वेगळे, वाचायची यंत्रंही वेगळी. दुसरी पिढी आली ती ओबीडी-टू या नावाने, आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत ती आली. सोळा पिनांचं, एका बाजूला निमुळतं होत जाणारं ते सॉकेट तेव्हापासून सगळीकडे सारखंच आहे. चालकाच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला हात फिरवला की बोटांना लागतं. त्यातली सोळावी पिन थेट बॅटरीशी जोडलेली, चौथी आणि पाचवी अर्थिंगची, आणि अलीकडच्या गाड्यांत सहावी नि चौदावी पिन कॉम्प्युटरचं बोलणं बाहेर आणणारी. कोडही ठरलेले: पी ०३०० म्हणजे सिलिंडरमध्ये मधूनच ठिणगी हुकते आहे, पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर दमला आहे, पी ०४५५ म्हणजे वाफेच्या यंत्रणेत मोठी गळती आहे. प्रदूषणाशी संबंधित बिघाडामुळे उत्सर्जन मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याची वेळ आली की चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे, हे या योजनेमागचं मुख्य सूत्र.

२०१५ पासून कॅलिफोर्नियात २००० साली आणि त्यानंतर बनलेल्या पेट्रोल गाड्यांची तपासणी या सॉकेटमधूनच होते. नळीत काही घालत नाहीत. तंत्रज्ञ धुराच्या यंत्रणेचे भाग जागेवर आहेत ना हे डोळ्यांनी पाहतो, इंधनाच्या टाकीचं झाकण पाहतो, पण निकालाचा मोठा हिस्सा गाडीचा कॉम्प्युटर काय सांगतो यावर ठरतो.

आता मुद्दा येतो तो हा. कॉम्प्युटर ‘माझ्याकडे कुठलाही बिघाड नोंदलेला नाही’ असं सांगतो, तेव्हा त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, त्याने सगळं तपासलं आणि सगळं ठीक निघालं. दोन, त्याने अजून काही तपासलेलंच नाही. या दोन्हींतला फरक कळावा म्हणूनच रेडिनेस मॉनिटर आहेत. प्रत्येक भागाच्या तपासणीपुढे एक खूण असते: पूर्ण किंवा अपूर्ण. कोणी स्कॅनरने कोड पुसले की बिघाडांची नोंद जाते आणि त्याचबरोबर या सगळ्या खुणाही ‘अपूर्ण’ वर येतात. बऱ्याच गाड्यांत बॅटरीची तार काढली तरी हेच होतं. पाटी कोरी होते, आणि कोऱ्या पाटीवरून कोणालाच पास करता येत नाही.

मॉनिटर दोन प्रकारचे असतात. ठिणगी हुकते का, इंधन-हवेचं प्रमाण बरोबर आहे का, सेन्सरच्या तारा जागेवर आहेत का, या तपासण्या इंजिन चालू असेतो सतत चालतात. ठिणगी हुकणं कॉम्प्युटरला कळतं ते क्रँकशाफ्टच्या वेगावरून. सिलिंडर पेटला की शाफ्टला क्षणभर झटका मिळून तो जरा वेगाने फिरतो. एखादा झटका चुकला तर त्या क्षणाची मंदावलेली गती सेन्सर टिपतो. हे मॉनिटर कधीच अडचण करत नाहीत.

अडचण करतात ते दुसऱ्या प्रकारचे. ते ठरावीक परिस्थिती जमून आल्याशिवाय तपासणी सुरूच करत नाहीत. त्यातला एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असलेली ही जाळीदार वीट धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं रूपांतर निरुपद्रवी वायूंत करते. त्यासाठी ती थोडा ऑक्सिजन आत साठवूनही ठेवते. तिच्या पुढे आणि मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढच्या सेन्सरची नोंद सारखी वरखाली उसळत राहते, कारण इंजिन इंधनाचं प्रमाण क्षणोक्षणी कमीजास्त करत असतं. कन्व्हर्टर चांगला असेल तर साठवलेल्या ऑक्सिजनमुळे ही उसळी आतच जिरते आणि मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सपाट येते. मागची रेघही पुढच्यासारखी उसळू लागली की कन्व्हर्टरची साठवणक्षमता संपली असं कॉम्प्युटर ठरवतो. पण ही तुलना तो तेव्हाच करतो, जेव्हा कन्व्हर्टर पूर्ण तापलेला आहे आणि गाडी बराच वेळ एकाच वेगाने धावते आहे. सिग्नलमागे सिग्नल असलेल्या रस्त्यावर तो क्षण येतच नाही.

सर्वांत हट्टी मॉनिटर वाफेचा, ज्याला मेकॅनिक इव्हॅप म्हणतात. पेट्रोल गाडी उभी असतानाही वाफ होऊन उडत असतं. ती वाफ हवेत जाऊ नये म्हणून टाकीला कोळशाची डबी जोडलेली असते. वाफ तिथे शोषली जाते आणि इंजिन चालू झालं की ती इंजिनात ओढून जाळली जाते. ही सगळी नळ्या-झडपांची जोडणी हवाबंद आहे का हे कॉम्प्युटर असं पाहतो: झडपा मिटतो, इंजिनाच्या ओढीने आत किंचित निर्वात करतो आणि तो दाब टिकतो का हे मोजतो. इथे मोजमाप भलतं नाजूक असतं. २००० सालच्या सुमारापासून इंचाच्या दोन शतांश, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राची गळतीही पकडावी असा नियम आला. त्यामुळे आजूबाजूची परिस्थिती स्थिर लागते. टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान भरलेली हवी. काठोकाठ भरलेली चालत नाही, आणि अगदी तळाला गेलेलीही नाही. गाडी रात्रभर उभी राहून इंजिन बाहेरच्या हवेइतकं गार झालेलं हवं. फार उकाडा नको, फार थंडी नको. काही टोयोटा गाड्यांत तर ही तपासणी चालक घरी झोपलेला असताना होते. गाडी बंद करून सुमारे पाच तास झाले की टाकीजवळचा एक छोटा पंप स्वतःहून सुरू होतो, दाब मोजतो आणि पुन्हा बंद पडतो. आपल्या गाडीतून रात्री बारीक गुणगुण ऐकू येते म्हणून काही मालक घाबरून मेकॅनिककडे जातात. प्रत्यक्षात ती गाडी नेमून दिलेलं काम करत असते.

हा मॉनिटर इतका लहरी असल्यानेच नियमात त्याला सवलत आहे. कॅलिफोर्नियात २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅपचा मॉनिटर अपूर्ण असला तर चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. १९९६ ते १९९९ च्या गाडीला कुठलाही एक अपूर्ण चालतो. डिझेलचं गणित निराळं: १९९८ ते २००६ च्या गाडीला एकही अपूर्ण चालत नाही, २००७ पासूनच्या गाडीला ठरावीक दोन चालतात. इतर राज्यं बहुधा केंद्राच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, जुन्या मार्गदर्शक सूचनेला धरून चालतात. तीत १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन आणि २००१ पासूनच्या गाड्यांना एक अपूर्ण मॉनिटर माफ आहे. त्या सूचनेतली एक गोष्ट उल्लेखनीय आहे. मॉनिटर अपूर्ण असलेल्या गाडीला नापास न ठरवता, तपासणीसाठी तयार नाही म्हणून परत पाठवावं असं तीत म्हटलं आहे. न्यूयॉर्कमध्ये अशा गाडीला दहा दिवसांची वाढीव मुदत मिळू शकते. हा भेद न्यायाचा आहे. कॅलिफोर्नियाच्या कागदावर नापास हा एकच शब्द येतो आणि गाडी खराब निघाली असा मालकाचा समज होतो. तो शब्द बदलायला हवा.

सेकंडहँड गाड्यांतच हा प्रकार जास्त का आढळतो, याची कारणं साधी आहेत. विक्रीसाठी महिना-दोन महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते, मग ती बदलली जाते. कधी विकण्यापूर्वी प्रामाणिकपणे दुरुस्ती होते आणि मेकॅनिक जुने कोड पुसून गाडी परत देतो. तसं करणं योग्यच आहे. आणि कधी विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं की चेक इंजिनचा दिवा लागतो आहे. वीस-पंचवीस डॉलरच्या कोड रीडरवर एक बटण दाबलं की दिवा विझतो आणि ग्राहक येण्याच्या दिवशी डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो. बिघाड तसाच असतो. बऱ्याच बिघाडांच्या बाबतीत कॉम्प्युटर दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा लावत नाही, त्यामुळे नव्या मालकाला तो पुन्हा लागलेला दिसेपर्यंत व्यवहार होऊन गेलेला असतो. तिन्ही गाड्यांची कॉम्प्युटरमधली अवस्था मात्र हुबेहूब सारखी दिसते. तपासणी करणाऱ्याला मनातला हेतू वाचता येत नाही. म्हणून नियम तिघांनाही सारखाच लावावा लागतो, आणि प्रामाणिक मालकाला थोडा त्रास होत असला तरी ते बरोबर आहे.

मग उपाय काय? गाडी चालवणं, पण ठरावीक रीतीने. याला ड्राइव्ह सायकल म्हणतात आणि प्रत्येक कंपनीची, कधी प्रत्येक मॉडेलची ती वेगळी असते. नव्वदच्या दशकात जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांसाठी दिलेली रीत अजूनही नमुना म्हणून वापरली जाते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करायची आणि एसी नि मागच्या काचेचा हीटर लावून अडीच मिनिटं जागेवरच चालू ठेवायची. ते दोन्ही बंद करून मध्यम जोराने ताशी ५५ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरपर्यंत, वेग न्यायचा आणि तीन मिनिटं तिथेच धरून ठेवायचा. मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ब्रेकला हात न लावता, गिअरची गाडी असली तर क्लचही न दाबता, वेग २० मैलांपर्यंत आपोआप उतरू द्यायचा. पुन्हा जोर देऊन ५५ ते ६० मैलांवर यायचं, या वेळी पाच मिनिटं टिकवायचं आणि पुन्हा तसंच उतरायचं.

कागदावर हे अर्ध्या तासाचं काम वाटतं. प्रत्यक्षात ब्रेक न लावता ८८ वरून ३२ किलोमीटरवर उतरायला मागे-पुढे कोणी नसलेला रस्ता लागतो. लॉस एंजलिसमधल्या किंवा सॅन होजेतल्या कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता हे शक्य नाही, आणि करूही नये, मागून येणाऱ्याला धोका आहे. रविवारी पहाटे सॅन होजेहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारा २८० क्रमांकाचा महामार्ग त्यासाठी चांगला. घरापासून कॉलेजपर्यंत दहा मिनिटं गाडी नेणाऱ्या विद्यार्थ्याच्या गाडीचे मॉनिटर आठवडे गेले तरी पूर्ण होत नाहीत, आणि रोज लांबून कामाला येणाऱ्याचे तीन-चार दिवसांत आपसूक होऊन जातात. एकाच फेरीत सगळं साधत नाही म्हणून खचायचं कारण नसतं. मॉनिटर एकेक करून पूर्ण होतात आणि एकदा झाला की तो टिकतो.

या काळात टाकी अर्धी-पाऊण भरलेली ठेवावी, झाकण टकटक आवाज येईपर्यंत घट्ट फिरवावं, आणि मुख्य म्हणजे बॅटरीची तार काढू नये. स्टिरिओ बदलायचा असेल तर तोही स्मॉग चेक होईपर्यंत थांबवावा. पुष्कळ लोक चार दिवस गाडी फिरवून, अजून मॉनिटर पुरे होत नाहीत म्हणून वैतागून पुन्हा कोड पुसतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

दोनशे-तीनशे मैल नीट चालवूनही एखादा मॉनिटर अडून राहिला, तर मग खरी शंका घ्यावी. कारण अनेकदा भलतीकडेच निघतं. थर्मोस्टॅट उघडाच राहिला तर इंजिन हवं तितकं तापत नाही आणि कन्व्हर्टरची तपासणी सुरूच होत नाही. इंधनाचा काटा चुकीचा दाखवणारा सेन्सर असेल तर टाकी अर्धी असूनही कॉम्प्युटरला ती भरलेली वाटते आणि इव्हॅप अडतो. ऑक्सिजन सेन्सर आळसावला, तर त्याच्यावर अवलंबून असलेला कन्व्हर्टरचा मॉनिटर वाट पाहत राहतो. चांगला मेकॅनिक अशा वेळी ‘पेंडिंग’ कोड पाहतो. एकदा दोष दिसला आहे, दुसऱ्यांदा खात्री व्हायची आहे, अशी ती नोंद असते.

दोष नेहमी मालकाचा किंवा विक्रेत्याचाच असतो असंही नाही. १९९६ च्या सुबारू गाड्यांमध्ये किल्ली बंद केली की मॉनिटरच्या खुणाच पुसल्या जात. १९९७ च्या टोयोटा टर्सेल आणि पासिओ गाड्यांचा इव्हॅप मॉनिटर कितीही चालवलं तरी पूर्ण होत नसे. त्या मूळ रचनेतल्या चुका होत्या. ईपीएने अशा गाड्यांची यादी राज्यांना कळवली आणि त्यांना वेगळी वागणूक दिली गेली. कॅलिफोर्नियातही अशा मॉडेलांची नोंद ठेवली जाते, आणि वाद उरलाच तर रेफरी नावाची स्वतंत्र तपासणी केंद्रं आहेत. अडलेल्या मालकाने तिथे जायला संकोच करू नये.

कोड पुसण्याची पळवाट बंद करायला आणखी एक तजवीज झाली. २०१० च्या सुमाराच्या मॉडेलपासून गाड्यांत ‘कायमचे’ कोड आले. हे कोड स्कॅनरने पुसले जात नाहीत आणि बॅटरी काढूनही जात नाहीत. तो दोष खरोखर नाहीसा झाला आहे अशी स्वतः तपासून खात्री झाल्यावर गाडीचा कॉम्प्युटरच ते काढून टाकतो. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकमध्ये हे कोडही पाहिले जातात. मात्र पुसल्यानंतर गाडी किमान २०० मैल चालली असेल आणि इंजिन पंधरा वेळा थंडावून पुन्हा तापलं असेल, तर त्यांच्यामुळे गाडी अडवत नाहीत. लबाड स्टेशनं दुसऱ्याच चांगल्या गाडीला केबल लावून प्रमाणपत्र देत, तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरमधला चासी क्रमांक, त्याची बोलण्याची पद्धत आणि तो देत असलेल्या माहितीची संख्या यांचा मेळ घालून तेही पकडलं जाऊ लागलं.

गाडीच्या कॉम्प्युटरवर विसंबण्यात एक मोठी जोखीम मात्र उरतेच. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच फसवणूक घातली होती. तपासणी चालू आहे हे ओळखून गाडी स्वच्छ वागे आणि रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं बेसुमार सोडे. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. डॅशबोर्डवरचा दिवा गप्पच होता, कारण ज्याने तो लावायचा तोच कटात सामील होता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिकीत मोजयंत्र ठेवून गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या तेव्हा तफावत दिसली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ईपीएने कंपनीला नोटीस बजावली. म्हणूनच सॉकेटमधली तपासणी पुरेशी मानून बाकी मोजमाप गुंडाळणं धोक्याचं ठरेल.

भारतात चित्र उलटं आहे. इथे २०१३ पासून चारचाकी गाड्यांत ओबीडी-टू आहे, बीएस-सिक्सची मानकं १ एप्रिल २०२० पासून लागू आहेत, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नव्या मॉडेलची ही यंत्रणा तपासूनच मंजुरी मिळते. पण पीयूसी केंद्रावर गाडी गेली की अजूनही सायलेन्सरच्या नळीत नळकांडं घालून जागेवर उभ्या गाडीचा धूर मोजतात. कन्व्हर्टर दमला आहे, वाफ झिरपते आहे ही माहिती गुडघ्याजवळच्या सॉकेटमध्ये तयार असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. पुणे-मुंबईच्या हवेचा प्रश्न गांभीर्याने घ्यायचा तर ही माहिती वापरायला हवी, आणि ती वापरायची ठरली की रेडिनेसचा नियमही त्यासोबत आणावा लागेल. नाहीतर कोड पुसून पीयूसी मिळवण्याची नवी सोय होईल.

जुनी गाडी घेणाऱ्याने, मग तो फ्रीमॉन्टमधला असो की कोथरूडमधला, मोबाइलला जोडता येणारा छोटा ब्लूटूथ रीडर सोबत न्यावा. तो सॉकेटमध्ये लावला की मॉनिटरची यादी दिसते. त्याशिवाय बहुतेक नव्या गाड्यांत आणखी दोन आकडे मिळतात: कोड पुसल्यापासून गाडी किती अंतर चालली आणि इंजिन किती वेळा गरम झालं. हजारो किलोमीटर दिसले आणि सगळे मॉनिटर पूर्ण असले, तर दिवा न लागण्याला अर्थ आहे. सात-आठ किलोमीटर दिसले, तर कोणीतरी आजच पाटी पुसली आहे. बॅटरी बदलली असेल तर विक्रेत्याकडे तिची पावती असते, दुरुस्ती केली असेल तर तिचंही बिल असतं. ते मागावं.

कॅलिफोर्नियात चार मॉडेल-वर्षांपेक्षा जुनी गाडी विकताना स्मॉग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे, खरेदीदाराची नव्हे, आणि ते प्रमाणपत्र ९० दिवस चालतं. ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहून दिलं तरी ही जबाबदारी सुटत नाही. जवळच्या नात्यात गाडी दिली तर सूट आहे, मित्राला विकली तर नाही. ‘तुम्हीच करून घ्या, शंभर डॉलर कमी द्या’ हा सौदा नव्याने आलेल्या मुलांना वारंवार सांगितला जातो आणि तिथेच ती अडकतात. अशा वेळी विक्रेत्याला शांतपणे म्हणावं की मॉनिटर पूर्ण होईपर्यंत गाडी तुम्हीच चालवा, स्मॉग चेक करून घ्या, मग मी येतो, आणि प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे मोजू नयेत.